तिकिटं मोजताना

काल तू फोनवर रत्नागिरीचा बेत सांगत होतीस, तेव्हा मी मध्येच गप्प झाले. तुला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती गं, तुझं एक वाक्य घशात अडकलं होतं. "दुसऱ्या दिवशी सकाळी मत्स्यालय. ते सगळे आत जाऊन येतील, मी पिल्लाला घेऊन बाहेर बसेन. पिशव्याही असतातच." इतकं सहज म्हणालीस! जणू तिकिटाच्या खिडकीवर पाटीच लावलीय: पिशव्या सांभाळणाऱ्या सुनांनी बाहेर बसावे.

मग तू यादी वाचलीस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, नणंदेच्या मुलांचे जादा कपडे, पिल्लाचं नाचणीचं सत्त्व, सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा. यादीत तुझं स्वतःचं काय काय आहे, ते मी मनात मोजत होते. एक पंजाबी ड्रेस आणि घाटात उलटी होऊ नये म्हणून एक गोळी.

म्हणून आज निवांत बसून बोलतेय. उपदेश म्हणू नकोस हं. ताई झाले म्हणून मला काही जास्त कळतं असं नाही. फक्त ज्या बाकावर तू आता बसणार आहेस, त्यावर मी दहा वर्षांपूर्वी बसून आलेय.

आम्ही आठजण गेलो होतो. माझा लेक तेव्हा दीड वर्षाचा, खांद्यावर झोपलेला. पायाशी चार पिशव्या, थर्मास, दोन छत्र्या आणि कुणाचा तरी गॉगल. आता नीट ऐक, मला कुणीही "तू बाहेर बस" म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे तिकीट काढायला निघाले आणि मीच मागून ओरडले, "सातच काढा हो, मी बसते." यांनी "बरं" म्हटलं आणि सात काढली. त्यात त्यांची तरी काय चूक? मी सांगितलं, त्यांनी ऐकलं.

तासाभराने सगळे बाहेर आले ते एकमेकांचं तोडत बोलतच. नणंद म्हणाली, "वहिनी, तो देवमाशाचा सांगाडा बघायला हवा होतात!" हे म्हणाले, "थांब, फोटो दाखवतो." फोटोत काचेवर फ्लॅशचा पांढराफेक गोळा आणि त्याच्या मागे काहीतरी करडं-करडं. मला मिळालं ते मत्स्यालय एवढंच. परतताना आंबा घाट येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. यांना वाटलं मला मळमळतंय. त्यांनी प्रेमाने आवळासुपारी पुढे केली. मी ती रागाने खाल्ली.

त्या रात्री मला एक विचित्र गोष्ट आठवली, ती तुलाही आठवतेय का बघ. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आपण गिरगावात मामाकडे जायचो आणि एकदा चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय पाहायला गेलो होतो. ते 1951 सालचं, आपल्या वेळेपर्यंत चांगलंच जुनं झालेलं. मला तिथला अंधार आठवतो, हिरवट उजेड आठवतो. बाबांनी तुला उचलून काचेपाशी धरलेलं आठवतं आणि तू कासवाला "आजोबा" म्हणालीस तेही. पण आई? मी खूप ताण दिला, आतल्या एकाही आठवणीत आई नाही. बाहेर पडल्यावर मात्र आहे. समोरच्या कठड्यावर, समुद्राकडे पाठ करून बसलेली, मांडीवर पिशवी आणि आपल्यासाठी सोललेली संत्री.

आता मला सांग, आपल्या घरात मासा कुणाला कळायचा? बाबा जन्माचे देशावरचे, त्यांना पापलेट आणि हलवा यातला फरक ताटात आल्यावरसुद्धा कळत नसे. आई गुहागरची. कोळणीच्या टोपलीकडे लांबून बघून ती सांगायची, आजची सुरमई कालची आहे. तरी आत गेले बाबा आणि बाहेर राहिली आई.

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो आणि या वेळी मी आत गेले. कशी गेले ते शेवटी सांगते. आधी आत काय आहे ते ऐक, कारण कशाला मुकणार आहोत हेच कळलं नाही तर माणूस हट्ट तरी कशासाठी करेल?

हे मत्स्यालय झाडगावात आहे. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. त्यामुळे मोठ्या शहरांतल्यासारखा झगमगाट, काचेचा बोगदा, डोक्यावरून जाणारे शार्क असलं काही मनात धरून जाऊ नकोस. साध्या सरळ काचेच्या पेट्या, पाट्यांवर नावं आणि पाण्यात सोडलेल्या हवेची बुडबुड. माझ्या लेकाचं तोंड पहिल्या दोन मिनिटांत वाकडं झालं होतं. "एवढंच?" मी म्हटलं, "एका पेटीपुढे शंभर आकडे मोजेपर्यंत उभा राहा, मग बोल." पंचावन्नला त्याला दगड हलताना दिसला. तो दगड नव्हता, मासा होता. मग तो काही "एवढंच" म्हणाला नाही.

पहिला मान देवमाशाचा. सांगाडा सुमारे 55 फूट लांब, म्हणजे आपल्या लाल एसटीच्या साधारण दीडपट. त्याच्यापुढे उभं राहिलं की बोलणं आपोआप हळू होतं. नावात मासा असला तरी तो मासा नाही. पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो, श्वासासाठी वर येतो. देवमाशाच्या पोहायच्या वल्ह्यांत हाडं असतात ती आपल्या मनगट-बोटांसारखीच. समुद्रात राहायला गेलेला आपलाच कुणी लांबचा चुलत नातेवाईक म्हण ना.

पेट्यांकडे वळलं की आधी नजर जाते ती लायनफिशकडे. पंखे पसरून, लग्नाला आलेल्या श्रीमंत मावशीसारखा सावकाश फिरत असतो. शोभेचे वाटणारे ते काटे विषारी असतात. ट्रिगरफिशच्या पाठीवरचा काटा खिट्टीसारखा उभा अडकतो. संकट आलं की हा कपारीत शिरतो, काटा उभा करतो आणि मग त्याला कुणी बाहेर ओढू शकत नाही. (आमच्याकडे परीक्षेच्या दिवशी बाथरूममध्ये असा एक मासा असतो.) समुद्रकाकडी नुसती काकडीसारखी पडून असते, पण फारच कुणी छळलं तर काही जातीच्या काकड्या आपली आतडीच बाहेर फेकतात आणि नंतर नवी उगवून घेतात. तुझ्या भाचरांना हे सांग, दिवसभर दुसरा विषय निघणार नाही.

आता मुद्द्याचं. त्या पेट्यांपुढे उभी असताना मला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं असेल, तर पोरं कोण सांभाळतं या प्रश्नाने. हसू नकोस. आपल्या डोक्यात आईपणाचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं आणि आपण म्हणतो, निसर्गाचाच नियम आहे तो. मग समुद्राकडे एकदा नीट बघ.

समुद्रघोडा बोटभर, शेपटीने काडी धरून उभा. यांच्यात मादी अंडी देते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत. पुढचे काही आठवडे तीच पिशवी वागवत फिरतो तो बाप. दिवस भरले की कळा देऊन, अंग वाकवून वाकवून पिल्लं बाहेर सोडतो तोही बापच. एकेका वेळी शेकडो. पेटीपुढे हे वाचलं आणि आमच्या यांना म्हटलं, "पिशवी कुणाकडे आहे बघा." यांनी मुकाट्याने खांद्यावरची पिशवी नीट केली.

दुसरा आपला शिंगाळा. हो, आई ज्याचं तिखलं करायची तोच, मिशांचा. तो ताटात कितीदा वाढला गेला, पण त्याची ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नव्हती. समुद्रातल्या शिंगाळ्याची मादी गोटीएवढी टपोरी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरतो. अंडी फुटेपर्यंत, पुढे पिल्लं जरा मोठी होईपर्यंत तोंडातच. तोंडात लेकरं म्हटल्यावर खाणार काय? म्हणून तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो. शिंगाळ्यांची झुंडच्या झुंड मोठ्या जाळ्यात सापडते, तेव्हा असे तोंडभर अंडी धरलेले बापही त्यात येतात. हे कळल्यापासून माझ्याच्याने शिंगाळा घेववत नाही.

समुद्रकासवाची आई वेगळीच. रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी आपली आपण बाहेर येतात आणि समुद्राची वाट धरतात. तिला कुणी कठोर म्हणत नाही. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ही अंडी राखायला घेतली. आता तिथे कासव महोत्सव होतो, पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं लांबून येतात. तुझं पिल्लू जरा मोठं झालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण दोघी जाऊ तिकडे. आत्ताच कबूल करून ठेव.

आणि ऑक्टोपसची आई. ती अंड्यांपाशी बसते ती उठतच नाही. अंड्यांवरून पाणी खेळवत राहते, त्यांना साफ ठेवते, खाणंपिणं सोडते. पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास ती संपलेली असते. मला वाचून गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. पण पुढच्याच क्षणी असंही वाटलं, की आपल्याकडे सत्कार फक्त हिचाच झाला असता. कासवाच्या आईला नावं ठेवली असती आणि शिंगाळ्याच्या बापाला "बायकोने काय करून ठेवलंय" म्हणून हसले असते. समुद्राने मात्र चौघांनाही चालवून घेतलंय. चौघांचीही पोरं वाढतात.

तुझ्या भाचरांनी निमोचा सिनेमा बघितला असेलच, 2003 सालचा. त्यातल्या नारिंगी माशांच्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी, सगळ्यांवर तिचाच वचक. ती गेली तर तिचा नर हळूहळू स्वतःच मादी होतो आणि घराचा कारभार बघतो. सिनेमावाल्यांनी हे गाळलं. निमोचा बाप खरं तर निमोची आई व्हायला हवा होता! यावर तुझ्या सासऱ्यांचं मत काय पडतं ते मला जरूर कळव.

आता त्या सगळ्या पेट्यांत मी एक मासा शोधत होते, तो सापडला नाही. बांगडा. कोकणात येऊन मत्स्यालयात बांगडा नाही म्हणजे काय? मग लक्षात आलं, त्याला अशा पेटीत ठेवणार कसा? गोबरा बघ, कपारीपाशी नुसता बसून असतो, तोंड उघडतो, मिटतो, कल्ल्यांवरून पाणी खेळत राहतं. त्याला श्वासासाठी कुठे जावं लागत नाही. बांगडा, कुपा या कुळातल्या माशांना तसं जमत नाही. ते तोंड उघडं ठेवून पोहत राहतात, तेव्हा कुठे पाणी कल्ल्यांतून वाहतं. थांबले की गुदमरले.

तुझ्याशी फोनवर बोलताना मला तो बांगडाच आठवला गं. तुझं एक काम संपायच्या आत दुसरं सुरू. बसलीस तरी हातात निवडायला भाजी. परवा मी तुला म्हटलं, दुपारी जरा आडवी पड, तर म्हणालीस, "ताई, पडले की उलट धडधडतं." बांगड्याचं शरीरच तसं आहे, त्याचा इलाज नाही. तुझं तसं नाही. तुला सवय लागलीय. मलाही लागली होती, म्हणून ओळखते.

बरं, आता कामाचं सांगते, लिहून घे.

सांगलीहून निघालात की कोल्हापूर, मलकापूर आणि मग आंबा घाट. घाटाच्या आधी पिल्लाला पोटभर दूध पाजू नकोस, आधी थोडं आणि साखरप्याला उतरल्यावर उरलेलं. पुढे पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. मांडवीला संध्याकाळी जेटीवर बसा, तिथली वाळू काळी. दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र आहे, त्याची वाळू उजळ. एकाच गावाचे दोन समुद्र दोन रंगांचे, एवढं पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

मत्स्यालयाची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेव, दुपारची सुट्टी असते का तेही. उघडल्या उघडल्या जा. उशीर केलात की शाळेची सहल येते आणि मग मासे राहतात बाजूला, आपण पोरांची डोकी बघतो. पिल्लाला आधी खाऊ घाल आणि आत शिरल्यावर दारापाशीच दोन मिनिटं थांब. उजेडातून अंधारात आलं की लहान लेकरं बिचकतात. डोळे सरावले की आपणच हात पुढे करतात. त्याला काचेला नाक लावू दे, पुसून घेता येतं.

भाचरांना दोन गोष्टी आधीच बजाव. काचेवर टकटक नाही आणि फ्लॅश नाही. नुसतं "करू नका" म्हटलं तर मुलं हमखास करतात, कारण सांग. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात 1500 च्या आसपास. आपली टिचकी माशाला दारावर लाथ मारल्यासारखी वाटत असणार. आणि बहुतेक माशांना पापण्याच नसतात. आपण डोळे तरी मिटू शकतो, ते बिचारे झोपतातही उघड्या डोळ्यांनी.

आणखी एक. पेटीपुढे उभं राहून भाव करायचे नाहीत. मला माहितीय, अवघड आहे. आम्ही गेलो तेव्हा शेवंडीच्या पेटीपुढे एक काका बायकोला विचारत होते, "केवढ्याला पडेल गं ही?" आणि ती मन लावून हिशोब करत होती. मीही गोबऱ्याकडे बघून मनात आलं-लसूण वाटलंच होतं. पण लेकाने ऐकलं आणि संध्याकाळी जेवताना सुरमईच्या तुकडीकडे बघत बसला. "ही पण घरी कुणाची तरी असेल ना?" मी त्याला समजावायला गेले नाही. दोन दिवस सोलकढी-भात आणि कुळथाच्या पिठल्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी तुकडी आपणहून मागितली. मुलांना असं दोन दिवस थबकू द्यावं.

उलट त्याने विचारलं, मग मासे संपत नाहीत का? तेव्हा पावसाळ्यातल्या बंदीचं सांगितलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. समुद्र खवळलेला असतो हे एक आणि बऱ्याच माशांच्या विणीचा काळ हे दुसरं. त्या काळात मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा तो त्यानंतर. पापलेट तर 2023 मध्ये आपल्या राज्याचा राज्यमासा झाला. त्याची चिमुकली पिल्लं बाजारात आली तर घ्यायची नाहीत, हा आईचा जुना नियम. तिला कुठल्या खात्याने शिकवलं नव्हतं. आणि हो, किनाऱ्यावर कुणी वाळवलेला समुद्रघोडा वा तसलं काही विकायला आणलं, तर हातसुद्धा लावू नकोस. वन्यजीव कायद्याने 2001 पासून त्याला संरक्षण आहे.

उरलेला दिवस थिबा पॅलेसला दे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये काढून घेतलं आणि मग त्याला इथे आणून ठेवलं. 1910 मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. राजवाड्याच्या गच्चीवरून खाली भाट्याची खाडी दिसते. काचेच्या पेटीतले मासे बघून तिथे गेलं, की त्या राजाचं फार वाईट वाटतं. जास्त बोलत नाही, तुझं तुलाच वाटेल.

तर, मी आत कशी गेले ते सांगायचं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तोच रस्ता, तेच दार. आता लेक मोठा, कडेवर घ्यायचं कुणी नाही. तरी खिडकीपाशी गेल्यावर मागून आवाज आला, "माझं नको काढूस, मी बसते पिशव्यांपाशी." मी वळून बघितलं, तर आमच्या सासूबाई. बाकावर बसल्यासुद्धा होत्या. दोन्ही पायांमध्ये पिशवी, वर पदराचं टोक. हुबेहूब मी. हुबेहूब आई.

या बाईंशी माझं कसं होतं तुला माहितीय. पहिल्या सहलीचा अर्धा राग त्यांच्यावरच काढलेला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "गेल्या वेळी तुम्ही आत गेला होतात ना?" म्हणाल्या, "ती पहिलीच खेप गं. तू होतीस ना पिशव्यांपाशी." मग बोटं मोजायला लागल्या. पन्हाळ्याला सज्जाकोठी बघितली नाही, खालीच बसले. गणपतीपुळ्याला सगळे समुद्रात, मी चपलांपाशी. कन्याकुमारीला एवढी गेले, पण खडकावर बोटीने सगळे गेले, मी किनाऱ्यावर, तुझ्या नणंदेला गोवर निघाला होता. कुठेही तक्रारीचा सूर नाही बरं का, वाण्याच्या सामानाची यादी वाचावी तशा सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी तू बसलीस, म्हणून मला देवमासा दिसला."

दहा वर्षं मी ज्या रागाला जपलं होतं, त्याचं काय करावं कळेना. माझ्या बसण्यातून कुणाला तरी एकदाच आत जायला मिळालं होतं आणि ते मला माहीतही नव्हतं. पण त्यातून आलेला माझा धडा "बसलेलं वाया जात नाही" असा नाही हं. आपल्या घरात बाक एकच असतो आणि त्यावर दोघींपैकी एकीने बसायचं असतं, हे आम्ही दोघींनीही कधी तपासून बघितलं नव्हतं.

मी उठले, दोन्ही पिशव्या उचलल्या, एक यांच्या खांद्याला आणि दुसरी लेकाच्या पाठीला. थर्मास ठेवायला कुठे जागा मिळेल का म्हणून दारावर विचारलं, तर तिथल्या माणसाने टेबलाखाली सरकवून दिला. दहा वर्षं ज्यासाठी बाहेर बसले, ते काम एका मिनिटात झालं. विचारायचं सुचलं नव्हतं एवढंच.

आत सासूबाई गोबऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात. त्याचं तोंड उघडत-मिटत होतं, यांचंही नकळत तसंच होत होतं. हे दोनदा बोलवायला आले. मी हातानेच सांगितलं, असू दे. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हा काहीच करत नाही. तरी बरा जगलाय." आणि फिस्सकन हसल्या. पंधरा वर्षांत आम्ही दोघी एकाच गोष्टीला, एकाच वेळी हसलो ती पहिली वेळ.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. विचारलं, "आई, तारापोरवालाला तू आत का नव्हती आलीस?" तिला तो दिवसच आठवेना. मग म्हणाली, "मला काय मासे नवीन होते? आणि तेवढंच एक तिकीट वाचलं." थोडं थांबून म्हणाली, "आत घोळ होती का गं? मी जिवंत घोळ कधी बघितली नाही." तिने विचारलं ते इतक्या हळू, की मला काही बोलता आलं नाही.

आई सध्या तुझ्याकडे आहे. काल तू म्हणालीस, ती घरीच राहील, तिला कशाला दगदग. तिला विचारलंस का? नुसतं "येतेस का" विचारू नकोस, ती "नको" म्हणेल, आपल्याला शिकवलंय तसंच. "मासे ओळखून द्यायला कुणीतरी हवंय" म्हण. पाट्यांपेक्षा ती जास्त सांगेल.

आणि ती दहा जणांची गोष्ट आठवते? नदी ओलांडून आल्यावर जो तो मोजतो, नऊच भरतात आणि सगळे रडत बसतात. आजी सांगायची तेव्हा आपण लोळून लोळून हसायचो, कसे गं वेडे ते! तर त्या खिडकीशी तिकिटं काढायला तू स्वतः जा. सासूबाई एक, सासरे दोन, नवरा तीन, नणंद चार, भाचरं सहा, आई सात. मग जरा थांब आणि आणखी एक काढ.